रडणाऱ्या बायकांचं पुस्तक आपण का वाचतो?

मघाशी समोरच्या रांगेतून प्रश्न आला, की साहित्य आनंदासाठी वाचायचं, तर 'भिजकी वही' कशाला वाचायची? त्यात तर बायका रडतायत. प्रश्न रास्त आहे, मी तो टाळत नाही.

अरुण कोलटकरांचा हा संग्रह २००३ साली प्रास प्रकाशनानं काढला. चांगला जाडजूड आहे. लोकलमध्ये उभ्यानं वाचायचं पुस्तक नव्हे. पुढच्याच वर्षी कोलटकर गेले आणि २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्यामागं मिळाला. त्यात मदुरा जाळणारी कण्णगी आहे, अलेक्झांड्रियात जमावानं मारलेली हायपेशिया आहे, रशियातली नादेझ्दा आहे. नावं बघूनच पुष्कळांनी पुस्तक मिटलं. पहिल्या खेपेला मीही मिटलं. प्रत्येक नाव आधी शोधायला बसलो होतो ना, परीक्षा असल्यासारखा!

दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. तेव्हा कळलं, की बाई अनोळखी असली तरी कवितेची मराठी ओळखीची आहे. साधं बोलणं, आखूड ओळी. अवघड असेल तर ते एवढंच, की कुणाचं रडं मध्ये न बोलता ऐकायचं.

नादेझ्दाचंच घ्या. नवरा ओसिप मांदेलश्ताम, कवी. १९३८ मध्ये छावणीत मेला. त्याच्या कविता कागदावर ठेवणं धोक्याचं, म्हणून तिनं त्या वर्षानुवर्षं पाठ करून जपल्या. आणि आपल्याकडे वही म्हटलं की इंद्रायणी आठवतेच. तुकोबांच्या वह्या कोरड्या वर आल्या, असं आपण ऐकत आलो. अभंग लोकांच्या तोंडी होते म्हणून वाचले, असंही म्हणतात. कोलटकर वही भिजकीच ठेवतात. चमत्कार नाही, सुटका नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

सगळ्या कविता सारख्या जमल्यात, असं मात्र नाही. काही ठिकाणी माहितीचं ओझं होतं. कवी मागं राहतो आणि अभ्यासक बोलायला लागतो. तिथं मी सरळ पानं उलटतो. तुम्हीही उलटा.

मग आनंद कुठंय? माझ्यापुरतं सांगतो. नादेझ्दाची कविता संपली आणि शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच मला काहीतरी पाठ करावंसं वाटलं. तुम्ही हवं तर कण्णगीपासून सुरू करा. आधी शोधू नका, मोठ्यानं वाचा. घरातल्या कुणी 'काय चाललंय' म्हणून डोकावलं, तर त्यांनाही बसवून घ्या.