मेहेरबाबांसाठी निघालेल्या तबकड्या

अहिल्यानगरहून दौंड रस्त्याने निघाले की अरणगावजवळ मेहेराबादची टेकडी लागते. तिथे आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांची समाधी आहे. 31 जानेवारी 1969 ला बाबांनी देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्यांच्या जन्मदिनानिमित्त एक तबकडी निघाली, 'हॅपी बर्थडे'. 'द हू' या गाजलेल्या रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड आणि त्याच्या बाबाप्रेमी मित्रांनी ती काढली. लेबल होते 'युनिव्हर्सल स्पिरिच्युअल लीग'. 'आय अ‍ॅम' (1972) आणि 'विथ लव्ह' (1976) ही तिची भावंडे. प्रती थोड्या, गिऱ्हाईक बहुतेक भक्तमंडळी.

गाणी, वादन, मधेच भाषण असा सगळा मामला. भक्तांनी भक्तांसाठी केलेल्या कामात निवड कडक नसते, आणि इथेही बरेच काही केवळ प्रेमापोटी खपवून घेतले आहे. पण 'आय अ‍ॅम'मधले 'बाबा ओ'रायली' ऐकावेच. बाबांच्या आयुष्याची माहिती सिंथेसायझरला पुरवून त्यातून संगीत काढायचे, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात ते घरगुती ऑर्गनवर झाले. इथे शब्द नाहीत. सुरांचा एकच छोटा घोळका जवळजवळ दहा मिनिटे फिरत राहतो. 'द हू'ने 1971 मध्ये गाजवलेल्या आवृत्तीपेक्षा मला हीच अधिक भावते.

दुसरे 'परवरदिगार'. बाबांनी दिलेली ही प्रार्थना समाधीवर रोज सगळे मिळून म्हणतात. टाउनशेंडने तिचे शब्द चालीत बसतील असे बदलून घेतले आणि घरच्या स्टुडिओत स्वतःच्याच वादनावर वादन चढवत सुमारे पावणेसात मिनिटांचे गाणे केले. मराठी कान इथे भजनाचे झीलकरी शोधतो. ते नाहीत, एकटाच माणूस स्वतःला साथ देतो. तरी गाणे टिकते, कारण पूर्वेकडचा रंग चढवायला त्याने सतार-तबला आणला नाही. त्या काळी तो मोह किती जणांना आवरला नव्हता!

बाबांची स्वतःची आवड मात्र याहून सोपी. संगीतकार कोल पोर्टरचे 'बिगिन द बिगीन' त्यांचे लाडके. समाधीत देह ठेवतानाही ते वाजवले गेले. अमेरिकी कंट्री गायक जिम रीव्ह्जचे 1964 सालचे 'देअर्स अ हार्टएक फॉलोइंग मी' हेही त्यांना आवडे. टाउनशेंडने दोन्ही गायली. रीव्ह्जचा मखमली खर्ज त्याच्याकडे नाही. आवाज पातळ, वर ताणलेला. दुःख कमी, आर्जव जास्त. मूळ गाणे सरसच, पण या आर्जवापुढे ते जरा गुळगुळीत वाटते.

सुरुवातीच्या तबकड्यांच्या चोरट्या प्रती निघू लागल्यावर 1972 मध्ये त्यांतली काही गाणी, टाउनशेंडच्या इतर काही गाण्यांसह, 'हू केम फर्स्ट' या तबकडीवर रीतसर बाजारात आली. नव्या श्रोत्याने तिथूनच सुरुवात करावी. 'परवरदिगार' आणि रीव्ह्जचे गाणे दोन्ही तिच्यात आहेत.