सुटे सूर, एक गाणे

गाण्याची पारख ते एकत्र ऐकूनच करावी. पण ते पुढच्या पिढीसाठी ठेवायचे, तर सुटे करूनही ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संगणकावर गाणे बांधताना गळा, ढोलकी, व्हायोलिनांचा ताफा यांचे धागे निराळे असतात. वेगळे काढून ठेवले की त्यांना ‘स्टेम’ म्हणतात. ढोलकी दोन मिनिटांनी वाजणार असली, तरी तिचा धागा गाण्याच्या पहिल्या क्षणापासूनच काढावा लागतो. आधीची शांतताही त्यात हवी. नाहीतर पुढे जुळवणाऱ्याला तिची जागा सापडायची नाही. काम कंटाळवाणे, म्हणून पुष्कळजण तयार गाणे तेवढे ठेवून मोकळे होतात.

१९५५-५६ साली पुणे आकाशवाणीने ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते ऐकवली. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांची चाल. त्या काळी गळा आणि वाद्ये एकाच फितीवर उतरत. तोल मायक्रोफोनपुढच्या बैठकीतच साधावा लागे. तो साधला, ही त्या मंडळींची थोरवी. उलट ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये मुद्रित केला. गावरान ठेका आणि ती व्हायोलिने एका घरात नांदतात, ही त्यांची खरी करामत. केवळ यंत्राची नव्हे.

कोणी म्हणेल, आता यंत्र झालेले गाणेही सुटे करते. करते खरे. बीटल्स मंडळींना जॉन लेननच्या जुन्या कॅसेटवरला गळा पियानोपासून नीट वेगळा करता येईना, म्हणून नव्वदीच्या दशकात एक गाणे सोडून द्यावे लागले. यंत्राने तो वेगळा केला आणि २०२३ साली गाणे बाहेर आले. पण प्रत्येक वेळी असे साधत नाही. आमच्या खंडाळ्यात (साताऱ्याकडच्या, घाटातल्या नव्हे) शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले गळा काढून टाकलेल्या गाण्यावर गातात, तेव्हा मूळ गायकाची पुसट सावली मागे रेंगाळते आणि झांजेचा आवाज पाण्यातून आल्यासारखा लागतो. लाडू वळल्यावर बेसन आणि तूप निराळे मागावे, तसलाच हा प्रकार!

म्हणून जे आज गोंधळी, शाहीर यांचे सूर मुद्रित करीत आहेत, त्यांना माझी विनंती आहे. गाणे तुम्हाला आवडेल तसे मिसळा. पण संबळ, तुणतुणे आणि गळा यांचे धागे नावे घालून अलग ठेवा. उद्याच्या एखाद्या पोराला संबळाचा हात शिकायचा असेल, तर त्याला नुसता संबळ ऐकता आला पाहिजे.