सामुदायिक नभोवाणी : सेवाभाव आणि विनामोबदला श्रम

प्रस्तावना : रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. त्यानंतर २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणीचे दार खुले केले. महाराष्ट्रात म्हसवड येथील माणदेशी तरंग वाहिनी (२००८) हे या चळवळीचे ठळक उदाहरण होय. लहरींच्या मालकीची अशी चर्चा झाली. मात्र त्या लहरींवर बोलणाऱ्याच्या श्रमाची चर्चा मागे राहिली.

धोरणातील विसंगती : २००६ च्या धोरणानुसार किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक सहभागातून तयार होणे अपेक्षित होते, तर जाहिरातींना तासाला केवळ ५ मिनिटांची मुभा होती. प्रक्षेपणशक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅट. एवढ्या लहान क्षेत्रात जाहिरातदार मोजकेच असतात. याचा अर्थ असा की, धोरणाने कार्यक्रमांची अपेक्षा वाढविली आणि उत्पन्नाची वाट अरुंद ठेवली. ही तफावत बहुधा कार्यकर्त्याच्या निष्ठेनेच भरून काढली जाते. २०२४ साली जाहिरातींची मर्यादा १२ मिनिटांपर्यंत वाढविण्यात आली. तथापि जाहिरात वाढली म्हणजे निवेदिकेचे मानधन वाढतेच असे नाही.

अदृश्य श्रम : श्रोत्याला ऐकू येतो तो केवळ आवाज. विषयशोध, संहितालेखन, ध्वनिमुद्रण, संपादन ही कामे पडद्याआड राहतात. आकाशवाणीवरील नैमित्तिक निवेदकांनाही पाळीनुसार मानधन मिळते. घरी केलेली तयारी त्यात वेगळी मोजली जात नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली मांडलेली ‘भावनिक श्रमा’ची संकल्पना येथे उपयुक्त ठरते. मन खिन्न असतानाही प्रसन्न आवाजात बोलणे हेही कामच होय.

मूल्यमापन : प्रत्येक स्वयंसेवा म्हणजे शोषण नव्हे. हौसेने आठवड्यातून एकदा लोकगीते सादर करणारी गृहिणी आणि रोज ठरलेल्या वेळी केंद्र उघडणारा तरुण यांची स्थिती भिन्न आहे. काम नियमित आहे काय, नकार देता येतो काय आणि कार्यक्रमाच्या आशयावर कार्यकर्त्याचा अधिकार आहे काय, या तीन निकषांवर सेवा आणि वेठ यांतील सीमारेषा आखता येते.

निष्कर्ष : महाविद्यालयीन केंद्रांना हा प्रश्न अधिक लागू पडतो. विद्यार्थ्यांचा अनुभव शिक्षण ठरतो, तोवर प्रमाणपत्र पुरेसे आहे. केंद्राचे दैनंदिन प्रक्षेपणच त्यांच्यावर अवलंबून राहू लागले की मानधनाची तरतूद आवश्यक ठरते. निष्ठा हा माणसाचा गुण आहे. तिला अंदाजपत्रकातील उत्पन्नाची बाजू मानणे हा संस्थेचा दोष होय.