१० सेंटांचें पुस्तक

जुन्या वस्तूंची पारख करणारा 'अँटिक्स रोडशो' हा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम बीबीसीनें १९७९ सालीं सुरू केला. त्याची अमेरिकन आवृत्ति १९९७ सालीं निघाली. लोक घरांतील वस्तु घेऊन तेथें रांगेंत उभे राहतात. त्यांत चित्रकथांचे अंक व खेळणींहि असतात. तज्ज्ञ प्रथम विचारतो, 'ही वस्तु आपणांकडे कशी आली?' मग आजोबा, माळा, जुनी पेटी यांची हकीकत निघते आणि अखेरीस किंमतीचा आंकडा उच्चारला जातो. प्रेक्षक वाट पाहतो ती या आंकड्याची, आणि आमचा आक्षेपहि येथेंच आहे.

सुपरमॅन ज्यांत प्रथम अवतरला तो 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा अंक १९३८ सालीं १० सेंटांस मिळे. २०२४ सालीं त्याची एक प्रत ६० लक्ष डॉलरांस विकली गेली. इतकी किंमत कां? बहुतेक प्रती मुलांनीं वाचून फाडल्या वा घरच्यांनीं रद्दींत घातल्या. ही मात्र फारशी हाताळली गेली नाहीं, म्हणून! वाचकाच्या बोटाचा डाग या बाजारांत दोष ठरतो. ज्या बालवाचकांनीं सुपरमॅनला मोठें केलें, त्यांच्याच प्रती येथें हलक्या. वाङ्मयाच्या अभ्यासकास मोलाचा वाटावा असा या कार्यक्रमांत तो पहिला प्रश्नच आहे. त्याच्या उत्तरास आणखी थोडा वेळ मिळावा, एवढेंच आमचें मागणें.