सिसमॉनच्या नोंदवहीतला बंद रकाना

संगणकावर कोणता प्रोग्रॅम केव्हा, कोठून सुरू झाला हे मायक्रोसॉफ्टचे 'सिसमॉन' (२०१४) टिपून ठेवते. पण तेवढे पुरेसे आहे का? जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील कासेया कंपनीचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांवर हल्ला झाला. हल्लेखोरांनी 'डिफेंडर'चा जुना पण अस्सल प्रोग्रॅम चालवला आणि शेजारी बनावट लायब्ररी ठेवली. प्रोग्रॅम लायब्ररी बहुधा आधी स्वतःच्याच फोल्डरमध्ये शोधतो. त्याने तीच उचलली. हजेरीपटात नाव खरे, दप्तरात पुस्तक मात्र परक्याचे!

लायब्ररींची नोंद सिसमॉन ठेवू शकते, पण ती मुळात बंद असते. ती चालू केली की नोंदी फार वाढतात, हे मान्य. तरी नेहमीची जागा सोडून चालणाऱ्या प्रोग्रॅमपुरती ती ठेवावी आणि लायब्ररीवर त्याच निर्मात्याची डिजिटल सही आहे का, हे पाहावे, असे आम्हाला वाटते.