रायतूरचा कप्तान आणि रायतूरचे पुराण

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तील मराठीची स्तुती आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परक्या माणसाने केलेला गौरव सुखावतो. म्हणूनच बहुधा त्या ग्रंथाचे गाव आपण विचारात घेत नाही. हे पुराण 1616 मध्ये सासष्टीतील रायतूरला छापले गेले. त्याच्या 49 वर्षे आधी, 1567 मध्ये, याच रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रॉड्रिग्स याने सासष्टीतील देवळे पाडली. त्यांची संख्या 280 सांगितली जाते.

सुरुवात लोटलीपासून झाली. बोलावूनही गावकरी आले नाहीत म्हणून कप्तानाने त्यांचे देऊळ जाळले. गावकऱ्यांनी दाद मागितली, आणि कप्तानानेच ते पुन्हा बांधून द्यावे असा निवाडा झाला! तो टिकला नाही. आर्चबिशप मध्ये पडले, व्हाइसरॉयने कप्तानाची बाजू घेतली आणि एका देवळाचा खटला सगळ्या सासष्टीवर उलटला. लोटलीचा रामनाथ तेव्हा आदिलशाही मुलखात गेला; आज तो फोंड्याच्या बांदिवड्यास आहे.

ही हकीकत मनात ठेवून मी ‘क्रिस्तपुराणा’चा आरंभ पुन्हा वाचला. तिथे एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? अभ्यासक या प्रश्नाकडे ग्रंथाचे निमित्त म्हणून पाहतात. मला तो ग्रंथातला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. पुराण ऐकायचे ते देवळाच्या मंडपात. मंडप गेला, पोथी गेली, पण कानांची सवय राहिली. त्या उणिवेची कबुली विजेत्याच्याच ग्रंथात आहे.

म्हणून या काव्याला निव्वळ भाषाप्रेम म्हणणे भाबडेपणाचे, तसेच निव्वळ धर्मप्रसाराचे हत्यार म्हणणेही अपुरे. देवळाच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवता आले. ओवी मात्र तशी हाती लागली नाही. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटल्यावाचून स्टीफन्सना श्रोत्यांपर्यंत पोचता येईना. सुमारे अकरा हजार ओव्या रचताना ते त्याच परंपरेचे ऋणी झाले, जिची घरे त्यांच्या आधीच्यांनी पाडली होती.

पाठ्यपुस्तकात ती स्तुती जरूर असावी. शेजारी लोटलीच्या गावकऱ्यांनी जिंकलेल्या आणि तरीही हरलेल्या खटल्याच्या दोन ओळी असाव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे.