थाई भिंतीवरचा मारुती

मुलाच्या कुटुंबाबरोबर बँकॉकला गेलो, तेव्हा एक दिवस देवळे आणि बाजार यांसाठी राखून ठेवला होता. व्याहीही बरोबर होते. सकाळी राजवाड्याच्या आवारातले वाट फ्रा केव पाहिले. खांदे-गुडघे झाकलेले हवेत असा तिथे नियम आहे. आमच्या धोतरांना कोणी हरकत घेतली नाही, नातवाला मात्र अर्ध्या चड्डीवर पायजमा चढवावा लागला. मरकत बुद्धाची मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच, आणि ऋतूप्रमाणे तिचे पोशाख बदलतात. तिच्यापुढे लोक पाय मागे दुमडून बसतात, देवाकडे पाऊल करत नाहीत. आपल्याला यात नवल नाही. मला लिहायचे आहे ते बाहेरच्या ओवरीतल्या भिंतींबद्दल.

या भिंतींवर १७८ चित्रांत 'रामकियेन' म्हणजे थाई रामायण रंगवलेले आहे, आणि कथा प्रदक्षिणेच्या क्रमाने पुढे सरकते. राम हिरवा, लक्ष्मण सोनेरी, मारुती पांढराशुभ्र. चित्रे पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेली असल्याने रंग नवे दिसतात, आणि लढायांची गर्दी थोड्या वेळाने डोळ्यांना शिणवते, हे सांगितले पाहिजे. सोन्याचा वर्ख राजांच्या अंगावर इतका आहे की चेहरे सारखेच वाटू लागतात. जीव रमतो तो मारुतीपाशी. रामाला कपटाने पळवून नेऊ नये म्हणून हा प्रचंड रूप घेतो आणि रामाचा अख्खा मंडप तोंडात धरून पहारा देतो! सेवकाची काळजी इतक्या थेट रीतीने काढलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पुढे मात्र अडखळलो. या मारुतीला बायका आहेत. रावणाची मत्स्यकन्या सुपन्नमच्छा हिच्यापासून त्याला मच्छानु नावाचा मुलगा होतो. "ही विटंबना आहे बुवा, मुलाला दाखवू नका," व्याही म्हणाले. माझेही मन तेच म्हणत होते.

पण नातवाने विचारले, "आजोबा, मकरध्वजाची गोष्ट तुम्हीच सांगितली ना?" खरेच की. अहिरावण-महिरावणाची कथा आपण कीर्तनात ऐकत आलो. मारुतीच्या घामाचा थेंब मगरीने गिळला आणि मकरध्वज जन्मला. ती वाल्मीकींत नाही, म्हणून आपण कीर्तनातून कधी उठून गेलो नाही. थाई कथेतही हा मुलगा पाताळाच्या वाटेवरच भेटतो. बापलेक एकमेकांना न ओळखता लढतात, कोणी हरत नाही. ओळख पटल्यावर मुलगा पेचात पडतो, कारण ज्याने वाढवले त्याच्याशी बेइमानी कशी करायची? तो वाट उघड सांगत नाही, कोड्यात सुचवतो, आणि मारुती कमळाच्या देठातून खाली उतरतो. ब्रह्मचर्याचा आपला आदर्श इथे नाही, आणि तो मी सोडणार नाही. पण कृतज्ञतेचा हा पेच ज्याला सुचला त्याला विटंबना करायची होती, असे म्हणवत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ही कथा राजवाड्याची आहे. १७९७ साली पहिल्या रामाच्या, म्हणजे त्या राजाच्या, आज्ञेने ती सिद्ध झाली, आणि त्या घराण्यातले राजे आजही राम म्हणूनच मोजले जातात. नाथमहाराजांनी 'भावार्थ रामायण' लिहायला घेतले ते मराठी बोलणाऱ्या साध्या माणसासाठी, आणि त्यांच्यामागे ते पुरे केले शिष्य गावबाने. भिंतीवर मला पराक्रम दिसला, सेवा दिसली. नाम कुठे दिसले नाही. हे मी बोलून दाखवले, तर सूनबाई म्हणाल्या, "बाबा, नाम चित्रात दिसायचे कसे?" मला उत्तर देता आले नाही.

आणखी एक गोष्ट राजाच्या बाजूने मांडायला हवी. ग्रंथाच्या शेवटी तो बजावतो की हे काव्य उत्सवासाठी रचले आहे, ऐकणाऱ्याने यात गुंतून न पडता सारे अनित्य आहे हे ध्यानात धरावे. सिंहासनावर बसून इतके लिहिणे सोपे नव्हे. वर्खाबद्दलचा माझा राग त्यामुळे थोडा निवळला, सगळा नाही.

दुपारी ता फ्रा चानच्या धक्क्याजवळ ताईतांच्या बाजारात गेलो. फळ्यांवर बुद्धाच्या इवल्या मूर्तींच्या राशी, आणि त्यांत मारुतीही. पवित्र वस्तू 'विकत घेतली' असे तिथले लोक म्हणत नाहीत, 'भाड्याने घेतली' म्हणतात. देव कुणाच्या मालकीचा होत नाही, हा त्यामागचा भाव. घासाघीस मात्र आपल्यासारखीच चालते. व्याहीबुवांनी बराच वेळ एक पांढरा मारुती हातात फिरवला, दोनदा खाली ठेवला, आणि शेवटी घेतला. पैसे देताना ते मला म्हणाले, "नातवासाठी हो." नातू तोवर विक्रेत्याला खुणांनी विचारत होता, याचा मुलगा आहे का तुमच्याकडे?